आरशाआधीचा चेहरा

स्वतःचा चेहरा काढत बसलेल्या माणसाकडे बाजूनं पाहा. तो आरशात बघतो तेव्हा त्याचा हात थांबलेला असतो आणि हात चालतो तेव्हा नजर कागदावर असते. दोन्ही एका वेळी होत नाही. आरशातली नजर कागदावर येईपर्यंत मधे सेकंदभर जातो आणि तेवढा वेळ चेहरा फक्त डोक्यात असतो. म्हणजे आत्मचित्र आठवणीतूनच काढावं लागतं, आठवण कितीही ताजी असली तरी. आमच्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना वस्तुचित्राचा पेपर वेगळा आणि स्मरणचित्राचा वेगळा. समोर मांडलेला तांब्या, फडकं, वांगी बघून काढायचं ते वस्तुचित्र. जत्रा नाहीतर बसस्थानक आठवून काढायचं ते स्मरणचित्र. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी हे दोन्ही पेपर मुलांकडून करून घेत आले. आत्मचित्र यांतल्या कुठल्या पेपरात बसवायचं, हा प्रश्न मला पडला तो मोबाइलमुळे.

मी नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात राहते. शाळा सुटल्यावर घरी जे काम करते ते असं. लोखंडी कपाटाच्या आरशासमोर स्टूल, मांडीवर बोर्ड, बोर्डावर एकच कार्ट्रिज पेपर. गल्लीतल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुलाकडून आणलेल्या स्टँडवर एक मोबाइल, कागदावर रोखलेला. चार-पाच रेघा मारल्या की फोटो. मग मळून मऊ केलेल्या रबरानं थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा फोटो. कागद बदलायचा नाही. बारा फोटोंचा एक सेकंद होतो, त्यामुळे संध्याकाळभर बसून जे हाती लागतं ते पापणी मिटून उघडण्याएवढं. दुसरा मोबाइल आरशाच्या बाजूला, सलग चालू. त्यात मी दिसते: मान वर, मान खाली, मान वर. नंतर दोन्ही फिती एकावर एक ठेवते, म्हणजे कोळशातला चेहरा आणि तो काढणारी बाई एकाच चौकटीत येतात.

पहिल्यांदा ठेवल्या तेव्हा नाकातली चमकी जागेवर राहीना. माझी चमकी डाव्या नाकपुडीत. आरशात ती मला माझ्या डाव्या हाताला दिसते, म्हणून कागदावरही डावीकडे येते. समोरून घेतलेल्या व्हिडिओत तीच चमकी पडद्याच्या उजवीकडे जाते. भांगही तसाच सरकतो, कपाळावरचा लहानपणीचा व्रणही. गावातल्या सगळ्यांना माहीत असलेला माझा चेहरा व्हिडिओतला आहे. कागदावरचा चेहरा जगात मी सोडून कोणीच पाहिलेला नाही. अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी १९७७ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना स्वतःचा फोटो उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा दाखवला, तर तो जास्त आवडतो. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सुलटा आवडतो. आपण ज्याला ‘मी’ म्हणून ओळखतो आणि लोक ज्याला ‘ती’ म्हणून ओळखतात ते चेहरे एक नाहीत, एवढं तरी त्यातून कळतं.

माझे सासरे, आप्पा, माळकरी आहेत. आषाढीची वारी त्यांनी पाय चालत होते तोवर चुकवली नाही. कपाटासमोरचा हा उद्योग ते खाटेवरून बघत असत. एकदा म्हणाले, “सूनबाई, काढायचं तर पांडुरंगाचं रूप काढावं. सोताचं तोंड काय काढायचं? ते तर धुवायला बी नको वाटतं कधी कधी.”

मी म्हटलं, “आप्पा, सगळ्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपापलं नाव घातलंय की. बहिणाबाईंनी तर आपले मागचे जन्मसुद्धा सांगितलेत.”

“घातलं,” आप्पा म्हणाले. “देवाच्या पायाशी घातलं. तू कुणाच्या पायाशी घालतेस ते सांग.”

यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही, आणि ते बरंच झालं. मी बोलले त्यात तथ्य होतंच. मराठीतलं आत्मचित्र चित्रकारांनी सुरू केलेलं नाही, संतांनी केलं. शिऊर गोदावरीपलीकडे, वैजापूर तालुक्यात आहे. त्या शिऊरच्या बहिणाबाईंनी सतराव्या शतकात स्वतःचं आयुष्य अभंगांत सांगितलं: नवरा, मारहाण, वासरू, तुकोबांचं स्वप्नातलं दर्शन. पण आप्पांचा प्रश्न नाव घालण्याबद्दल नव्हता. नाव कुठं ठेवलं, हा त्यांचा प्रश्न होता. तयार झालेली फीत मी त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो याहून अवघड. पडद्यावर कोळशाचा चेहरा हलत होता आणि त्याच्या आरपार खालीवर होणारी मान दिसत होती. आप्पांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “यातली तू कुठली?”

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न जुना आहे. नेवाशाला प्रवरेच्या काठी तो दगडी खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो उतरवून घेतला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकामुळे तो खांब वाचकांना ठाऊक आहे. याच जिल्ह्यात उत्तरेला, राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठावर पुणतांबं आहे आणि तिथं चांगदेवांची समाधी आहे. नेवासं आणि पुणतांबं, दोन्हीकडे मी वरचेवर जाते. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वयानं आपण मोठे, ज्ञानानं ज्ञानदेव मोठे. मायना तीर्थरूप लिहावा की चिरंजीव, हे ठरेना म्हणून कागद कोराच पाठवला. मुक्ताबाईंनी तो कोरेपणा चांगदेवांच्याच पदरात घातला. आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं.

चित्र काढणाऱ्या माणसाला ‘चांगदेव पासष्टी’ आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते, कारण तिच्या मधोमध आरसा आहे. ज्ञानदेवांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं. चेहरा आरशाच्या आधीपासून असतोच. आरसा समोर आला की एकाचे दोन झाल्यासारखे होतात, एक पाहणारा आणि एक पाहिला जाणारा, आणि त्यांच्या मधे पाहणं नावाचं तिसरं काहीतरी उभं राहतं. आरसा बाजूला केला की ती तिन्ही एकदम मावळतात, पण चेहऱ्याचं त्यात काही जात नाही. आरसा नव्हता तेव्हा तो स्वतःला अनोळखी नव्हता आणि आरशानं त्याला नवं काही दिलंही नाही.

इथं चित्रकाराला हात टेकावेत असं वाटू शकतं. चेहऱ्याला आरशाची गरज नसेल तर कागदाची कशाला असेल, आणि व्हिडिओची तर त्याहून नाही. पण मी त्या फिती पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत आणि मला वाटतं, पासष्टीतलं ते ‘तिसरं’ त्यांच्यात दिसतं. नुसत्या चित्रात चेहरा असतो, पाहणं नसतं; ते काढून झालं की संपलेलं असतं. नुसत्या व्हिडिओत चेहरा असतो आणि तो लेन्सकडे बघत असतो, स्वतःकडे नाही. दोन्ही एकत्र केले की पाहण्याची ये-जा दिसते. मान वर गेली, भुवई कागदावर सरकली. मान पुन्हा वर गेली, तीच भुवई पुसली गेली. पाहणारी मात्र पकडीत येत नाही. ती कोळशात नाही, व्हिडिओतही नाही. आप्पांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, दोन्हींतली एकही मी नाही.

व्हिडिओ हाती आल्यावर कलावंतांनी पहिल्यांदा त्याचा आरसाच केला. १९७१ मध्ये व्हिटो अकाँची या अमेरिकन कलावंतानं ‘सेंटर्स’ नावाची फीत केली. टीव्हीवर स्वतःचीच प्रतिमा चालू आहे आणि तिच्या मध्यावर बोट रोखून तो वीसहून अधिक मिनिटं उभा आहे, बस. रोझालिंड क्राउस या समीक्षिकेनं १९७६ मधल्या लेखात अशा कामांकडे बोट दाखवून म्हटलं की व्हिडिओ या माध्यमाचा पिंडच आत्ममग्नतेचा आहे: कॅमेरा आणि पडदा यांच्या मधे माणूस अडकतो, आणि जे घडतं तेच त्याच क्षणी परत येतं. नुसत्या व्हिडिओबद्दल तिचं म्हणणं मला पटतं. तिथं विलंब नसतो, आणि विलंब नसेल तर विचाराला जागा नसते. कोळसा हातात घेतला की विलंब आपोआप येतो. नाकाची एक कड दहा वेळा पुसावी लागते. चेहऱ्यावर भाळायला वेळच मिळत नाही. जबडा आणि मान जिथं मिळतात ती सावली सांभाळण्यात जीव मेटाकुटीला येतो. आत्ममग्नतेवर रेखाटनासारखा उतारा मला दुसरा माहीत नाही.

एकाच कागदावर काढत, पुसत, फोटो घेत जाण्याची ही रीत जगात गाजली ती दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिजमुळे. १९८९ पासून तो कोळशाच्या चित्रांचे चित्रपट करतो आहे. त्याच्या चित्रपटांतला सोहो एकस्टाइन हा सुटाबुटातला उद्योगपती आणि फेलिक्स टायटलबाउम हा उघडाबोडका प्रेमिक, दोघंही एकमेकांचे वैरी आणि दोघांचीही ठेवण केंट्रिजची. ‘सेल्फ पोर्ट्रेट ॲज अ कॉफी पॉट’ या नऊ भागांच्या मालिकेत तर तो स्वतः दोन होऊन टेबलाशी बसतो आणि स्वतःशीच वाद घालतो. त्याच्या कागदावर पुसलेली रेघ पूर्ण जात नाही. करडा डाग मागं राहतो आणि पुढची आकृती त्या डागावर चालते.

तो डाग बघताना मला आमच्या नगरचंच एक हस्तलिखित आठवतं. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सोळाव्या शतकातलं सचित्र काव्य आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्याच्या चित्रांत राजाशेजारी राणी खुंजा हुमायून बसलेली होती. हुसेनशहा गेल्यावर मुलाच्या नावानं तिनं कारभार पाहिला, पुढे मुलानंच तिला कैदेत टाकलं, आणि चित्रांतली तिची आकृती रंग फासून झाकली गेली. आज त्या चित्रांकडे पाहणाऱ्याची नजर आधी त्या फासलेल्या जागेवरच जाते. चांदबिबीची ही आई. तिला पुसणाऱ्याला तिचं असणं पुसता आलं नाही.

आपल्याकडे रेखाटन आणि चित्रपट यांची गाठ मुंबईत फार आधी पडली होती, हे सांगायला हवं. चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं आणि शेकडो रेखाटनांमधून ‘सिझिजी’ हा चित्रपट केला. तिथंच विशीतल्या नलिनी मलानींनी ‘ड्रीम हाउसेस’ केला. त्याच मलानी सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर बोटानं चित्रं काढून ती हलवू लागल्या. ‘कॅन यू हिअर मी?’ ही त्यांची मांडणी त्यातून आली. पन्नास वर्षं एका बाईच्या हातात रेघ आणि फिल्म एकत्र राहिली, हे आमच्या कलाशिक्षकांच्या अभ्यासक्रमात कुठंही शिकवलं जात नाही.

शाळेतल्या एका मुलीचं सांगते. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या कडेला कोप्या पडतात आणि काही मुलं तेवढ्यापुरती आमच्या वर्गात येऊन बसतात. मी सगळ्यांना घरून आरसा आणायला सांगितलं होतं. तिनं आणलेला आरसा तळहातात मावणारा, प्लॅस्टिकच्या लाल चौकटीचा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. त्यात एका वेळी एकच डोळा दिसे. तिनं डावा डोळा काढला, कागदाच्या पाव भागाएवढा, पापणीचा प्रत्येक केस वेगळा. मग आरसा सरकवून उजवा डोळा, थोडा लहान. मग नाक. तोंडाला जागा उरली नाही तेव्हा ते कागदाच्या खालच्या कडेला अर्धंच आलं. वर्गातली मुलं हसली. मी बाजूच्या मोबाइलवर घेतलेला तिचा व्हिडिओ लावला: आरसा डोळ्याशी, आरसा गालाशी, आरसा खाली, मधेच आरशाची तिरीप छतावर. मुलं गप्प झाली आणि एकजण म्हणाला, “बाई, तिनं तर जसं दिसलं तसंच काढलंय.” आम्ही बाकीचे पूर्ण आरशात बघून, आधीच ठाऊक असलेला ‘चेहरा’ काढत होतो. त्या वर्गात त्या दिवशी खरं वस्तुचित्र तिचं एकटीचं होतं. आम्हा सगळ्यांचे पेपर स्मरणचित्राचे.

आता आप्पांचा पहिला प्रश्न. नाव कुणाच्या पायाशी ठेवलं? या प्रश्नाला सगळ्यात जास्त बळ देणारी जागा माझ्या माहितीत अरणगावला आहे. नगर-दौंड रस्त्यावरच्या मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. तिच्या आतल्या भिंतींवरची चित्रं हेलन डाम या स्विस चित्रकर्तीची. १९३८ मध्ये साठीला आलेली ही बाई आपला देश, आपलं काम सोडून बाबांच्या आश्रमात आली आणि त्या लहानशा खोलीत तिनं चित्रं काढली. बाबा गेले १९६९ मध्ये. चित्रं त्याच्या तीस वर्षं आधीची. दुसऱ्याच्या समाधीसाठी भिंत रंगवून ती परत गेली. आप्पांना जे म्हणायचं होतं ते याहून नेमकं कोणी करून दाखवलेलं नाही. त्या खोलीत मी उभी राहिले आहे आणि स्वतःचा चेहरा काढण्याच्या बाजूनं तिथं एक शब्दही सुचत नाही.

तरी मी काढते, आणि त्याचं कारण मला ‘अमृतानुभवा’त मिळालं. जगाला मिथ्या म्हणणाऱ्यांच्या वाटेनं गेलं तर माझं चित्र म्हणजे भासाचा भास. ते टाकून देणंच योग्य. ज्ञानदेव त्या वाटेनं जात नाहीत. अज्ञान नावाची काही वस्तू आहे हेच ते मान्य करत नाहीत, आणि ती नसेल तर जग तिच्यातून आलं असं म्हणता येत नाही. जग हा चैतन्याचा विलास आहे. पाहणारा स्वतःच दृश्य होतो आणि स्वतःला पाहतो, त्याला काही कमी पडलं म्हणून नव्हे. त्याच्या भरलेपणाला ते शोभतं म्हणून. हे मान्य केलं की आत्मचित्राकडे दोन रीतींनी पाहता येतं. ‘मी आहे, बघा’ असा पुरावा म्हणून काढलेलं चित्र हा अहंकार आहे, मग ते मोबाइलवर काढलेलं असो की तैलरंगात. आप्पांचा राग त्या चित्रावर आहे आणि तो योग्य आहे. पण असणं आधीच सिद्ध आहे, पुराव्याची वाट बघत ते थांबलेलं नाही, हे समजून कोळसा उचलला तर ते चित्र कुणाकडे काही मागत नाही. ते पुसताना हळहळ वाटत नाही. माझ्या फितीच्या शेवटी कागद पुसलेला असतो, करडा. आणि बाजूच्या चौकटीत मान तशीच वर-खाली होत असते.

हे मी आप्पांना सांगितलं, इतक्या शब्दांत नाही. ते म्हणाले, “मग पुसून टाकतेस ते बरं करतेस.” पांडुरंगाचं चित्र काढायला हवं, हे त्यांचं मत मात्र कायम आहे.

माझ्याबरोबरच्या कलाशिक्षकांना एक विनंती. रेखाकला परीक्षांची तयारी करून घेताना एक तास आत्मचित्राला द्या. आरसे मुलांना घरून आणू द्या, जसे असतील तसे, फुटके, डागाळलेले, तळहाताएवढे. चेहरा कसा काढायचा याचे ठोकताळे त्या दिवशी फळ्यावर काढू नका. एक मोबाइल चित्रावर आणि एक मुलाच्या मानेवर ठेवा. फीत लावा आणि मुलांना आप्पांचा प्रश्न विचारा. त्या तासाला गुण देऊ नका.